ताबुतावरची चांदणी

"मॅडम, चष्मा लागलेल्या पोरीचं लग्न जमत नाही, हे डोळ्यात नेमकं कुठं लिहिलेलं असतं?"

दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरून खी खी सुरू झालं. विचारायची पैज मयूरीनं लावली होती, भडंगाच्या एका पुड्यावर. पण तहरीमनं विचारलं ते असं तोंड वर करून, की पैज राहिली बाजूला, तिला खरंच उत्तर हवं होतं.

सांगलीहून डोळे तपासायला आलेल्या उमा मॅडम चिडल्या नाहीत. टेबलावरचा प्लॅस्टिकचा भलामोठा डोळा त्यांनी नारळासारखा मधोमध उघडला.

"शोधूया की! हे पुढचं काचेसारखं, पारपटल. इथं नाही. ही बाहुली, उजेड आत यायची वाट. इथंही नाही. हे भिंग. आणि हा मागचा पडदा, दृष्टिपटल. चित्र उमटतं ते यावर." त्यांनी डोळा उलटा करून झटकला. "लग्नाचं काहीच पडलं नाही बाई खाली. ये, आता तुझा बघू."

भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीतच तहरीमची गाडी अडली.

"तुझा डोळा जरासा लांबट आहे," मॅडम म्हणाल्या. "लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडंच पडतं. निकटदृष्टिता. धडा आहे ना तुम्हाला?"

धडा तर तोंडपाठ होता. आपणच त्या धड्यात आहोत, हे तेवढं ठाऊक नव्हतं!

मॅडमनी तिच्या नाकावर जडशी गोल फ्रेम चढवली, तिच्यात काचा सरकवल्या. "व्हरांड्यात जा आणि लांबचं काहीतरी बघून ये."

शाळेमागच्या चौकात मोहरमचा ताबूत घरांच्या वर डोकं काढून उभा होता. कडेगावात ताबूत वरून खाली बांधत येतात. आधी कळस, मग एकेक मजला खालून जोडायचा आणि सगळं वर उचलायचं. म्हणजे पहिल्यांदा चिकटवलेलं सगळ्यात उंच जातं. तहरीम दरवर्षी ताटाएवढी चंदेरी चांदणी कातरायची, अब्बा ती कळसाखाली चिकटवायचे. चार मजले चढले की चांदणी गायब! "पडली!" म्हणून ती दरवर्षी भांडायची. "हाय की गं वर," अब्बा म्हणायचे. तिला वाटायचं, बाप नुसती समजूत घालतोय.

चांदणी तिथंच होती. आठ टोकांची, त्यातलं एक टोक वाकडं. तिच्याच हातानं वाकडं झालेलं.

"मयू, माझी चांदणी हाय गं! लय वर हाय!"

"तुला दिसत नव्हती व्हय? आख्ख्या गावाला दिसतीया!"

संध्याकाळी अम्मीनं शिलाई मशीन थांबवलं, चष्म्याची चिठ्ठी हातात घेतली आणि मशीनच्या खणाकडं हात नेला.

"तिथं एक हाय आधीच," अब्बा हळूच म्हणाले. "सातवीतल्या तपासणीची. पोरीला सांगितलीच न्हाई."

"असू द्या. आत्ता काच लागली की कायमची लागती. उद्या पाहुणे आले की पहिलं नाकाकडंच बघत्यात. दोन पोरींची स्थळं माझ्यासमोर मोडली." बोलता बोलता अम्मीनं सुई हातभर लांब धरली, दोरा दोनदा हुकला, आणि रोजच्यासारखी ती लेकीपुढं केली. "एवढा ओव."

जवळचं तर तहरीमला लख्ख दिसायचं. तिनं एका झटक्यात दोरा ओवला, पण सुई काही परत दिली नाही.

"अब्बा, चांदणी दरवर्षी वरच असायची ना?"

"मग! मी काय खोटं बोलत होतो?"

"मी तीन वर्षं तुम्हाला खोटं पाडलं, कारण चिठ्ठी खणात होती." ओवलेली सुई तिनं आपल्या ओढणीत खोचली. "आता दोघं ऐका. शनिवारी सांगलीला जायचं. मी चष्मा करणार, लाल फ्रेमचा, गल्लीच्या टोकावरनं दिसंल असा. शाळेत घालणार, मोहरमला चौकात घालून उभी राहणार, आणि पाहुणे आलेच तर त्यांच्यापुढं बी काढणार न्हाई. आणि अम्मी, तू बी चलायचंस. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होतं. सुई किती लांब धरशील? हात संपंल एक दिवस!"