तिन्ही दलांचा पगार आणि चिंगीची उंची

आमचे हे शिंपी, त्यामुळे आमच्या घरात कुठलाही निर्णय कटिंगच्या टेबलावर, खाकी कागदावर होतो. शाळा संपली आणि आमची चिंगी म्हणाली, मी सैन्यात जाणार. मी म्हटलं, आधी स्वतःच्या अंथरुणाची घडी घालायला शीक. ह्यांनी मात्र शक्कल काढली. तिला अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने होते, म्हणजे फॉर्मवर बापाची सही हवी. तेव्हा हे म्हणाले, भूदल, नौदल, हवाईदल, तिन्हींत जास्त पगार कुठे ते मांडून दाखव, मगच सही करीन. पोरीला आकडेमोडीचा कंटाळा, आठवड्यात नाद सोडेल असा ह्यांचा अंदाज. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. एकुलती एक पोर. ती गेली की घरात शिलाई मशीन आणि हे, दोघंच घरघरत बसणार.

पण पोरगी सोडते कसली. भरतीच्या कचेरीत दोनदा जाऊन आली, पँटच्या कटिंगचा कागद पसरला आणि तीन रकाने आखले. पहिल्याच ओळीत घोळ झाला. मूळ पगार तिन्हीकडे सारखाच. हे जरा खट्टू झाले, मग म्हणाले, भत्ते लिही. मग काय विचारता. बर्फात राहायचा भत्ता, समुद्रावर जायचा भत्ता, विमानात चढायचा भत्ता. पाणबुडीचा म्हणे सगळ्यात भारी. मी म्हटलं, माणसाला महिनोन्महिने खिडकीशिवाय कोंडायचं तर पैसे द्यावेच लागणार.

त्यात माझा भाऊ येऊन टपकला. चिंगीचा हा मामा नौदलात स्वयंपाकी होता, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा त्याचा जन्माचा स्वभाव. नौदलात पगार शिल्लकच राहतो म्हणाला, समुद्रात दुकानं कुठे असतात? ह्यांनी विचारलं, मग तुझा कुठे गेला? मामा म्हणाला, बंदरावर. मग पांढऱ्या गणवेशाच्या साबणावरून दोघं अर्धा तास भांडले. ह्यांनी साबण वजा केला, मामानं फुकटचं जेवण मिळवलं, आणि चिंगीनं तोवर पहिला पगार खर्चूनही टाकला. मला फ्रीज, बाबांना चष्मा. बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच.

शेवटी नौदल पुढे निघालं आणि ह्यांचा हात पेनाकडे जायला लागला. माझा जीव वर-खाली. काहीतरी अडवायचं म्हणून मी विचारलं, पगाराचं राहू दे, तिकडे उंची किती लागते?

चिंगीनं फॉर्म उलटून पाहिला. एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळ्या जगाची मापं घेणाऱ्या बापानं पोटच्या पोरीची उंची कधी मोजलीच नव्हती. ह्यांनी गळ्यातला टेप काढला, तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं. एकशे सत्तेचाळीस. पुन्हा मोजलं. तेवढीच.

चिंगी खाकी कागद गुंडाळायला लागली, अगदी नीट, कडेला कड जुळवून. त्या पोरीनं आयुष्यात काही नीट गुंडाळलेलं मी पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला होता, आणि ते बघून त्या आनंदाची लाज वाटली.

कारण तो टेप बावीस वर्षांचा. ओढून ओढून सैल झालेला, त्याच्यावर सगळेच बुटके भरतात. माप त्याच टेपानं आणि कापडही त्याच टेपानं, म्हणून गिऱ्हाइकाला फरक पडत नाही इतकंच. मी नवा आणून दिला होता, पण ह्यांच्या हाताला जुन्याची सवय. हे माझ्याकडे बघत होते, म्हणजे ह्यांनाही आठवलं होतं. आम्ही दोघांनी नुसतं तोंड मिटून बसायचं होतं, पोर घरात राहिली असती.

मी ड्रॉवर उघडला.

"इकडे ये," मी म्हटलं. "त्या टेपाला म्हातारचळ लागलाय. टाचा टेकव."

नव्या टेपावर एकशे अठ्ठेचाळीस आणि वर अर्धा. चिंगी मामाच्या गळ्यात पडली, मामा रडायला लागला, हे कानावर पेन अडकवून टेबलाखाली पेन शोधत होते.

"हलायला कुणी सांगितलं? परत उभी राहा."

मी आणखी तीनदा मोजलं. एकदाही कमी भरली नाही.