चौदाशे नाण्यांची घंटा

कारखान्याच्या टेलिफोनवालीने त्या रविवारी दुपारी कँटीनमध्ये तीन वेळा खुर्ची बदलली. पहिली डुगडुगत होती, दुसरीवर पंख्याचा वारा येत होता आणि तिसरीत काहीच खोट नव्हती, म्हणून तिला तिथेही बसवेना.

बाटल्या भरण्याच्या त्या कारखान्यात व्हिडिओ गेमच्या स्पर्धेची फेरी होती. सकाळची पाळी विरुद्ध दुपारची पाळी, पाच-पाच जणांचे संघ. सकाळच्या संघाचा कप्तान तिचा थोरला भाऊ. तो पट्ट्यावर फोरमन होता आणि घरीही फोरमनच असे. आदल्या दिवशी जेवताना त्याने सांगून टाकलं होतं, "उद्या हरलो तर तुझी जागा लेबलला." लेबल म्हणजे लेबलं चिकटवायच्या मशीनवरचा गडी. खेळायला बरा, सांगितलेलं ऐकायला त्याहून बरा, आणि कप्तानाला हा दुसरा गुण जास्त आवडे.

भांडण एका घंटेवरून होतं.

गेममधला तिचा वीर नावाडी. मारामारी इतरांनी करायची, नावाड्याने अडचणीतल्या साथीदाराला दोर टाकून नावेत ओढायचं. या दोराला चौदाशे नाण्यांत घंटा बसवता येते. साथीदाराला ओढलं की ती वाजते आणि त्याच्या सगळ्या शक्ती चार सेकंद लवकर परत येतात. तेवढ्याच नाण्यांत वल्ह्याला काटे मिळतात, आणि शहाणी माणसं काटेच घेतात, कारण काट्यांचा मार शेवटच्या तक्त्यात आपल्या नावापुढे दिसतो. घंटेचं पुण्य दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

तिने मात्र आकडे मांडले होते. एका डावात एकट्या दादालाच बारा वेळा दोर टाकावा लागतो. बारा चोक अठ्ठेचाळीस सेकंद. दादाचा मोठा वार परतायला चाळीस लागतात. म्हणजे एक अख्खा वार फुकट, वर आठ सेकंद शिल्लक.

"कागदावर," दादा म्हणाला होता. "बाहेरच्या संघांशी सरावात तू घंटा घेतलीस ते सातही डाव आपण हरलो, ते कुठल्या कागदावर मांडतेस?"

हे खरं होतं आणि तेच तिला आठवडाभर कुरतडत होतं. हिशेब बरोबर, उत्तर चूक. फोन जोडताना ती वायरीला पीळ घालायची, सोडवायची, पुन्हा घालायची.

शुक्रवारी तिला उलगडा झाला. पट्टा अडकला की कारखान्यात घंटा वाजते, आणि घंटा वाजली की ज्याने त्याने दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे, म्हणजे कुणाची बोटं मशीनमध्ये नाहीत हे फोरमनला एका नजरेत कळतं. पहिल्या दिवशी शिकवतात आणि मग ते अंगात मुरतं. तिच्या खोलीच्या काचेपलीकडे त्या दिवशी वीस जोड्या हात वर गेले. तिच्या हातातला रिसीव्हर तिथेच राहिला. टेलिफोनवाल्यांना तो नियम नव्हता.

संध्याकाळच्या सरावात तिने पडद्याऐवजी साथीदारांचे हात पाहिले. नावाड्याची घंटा वाजली की चौघांची बोटं कीबोर्डवरून उचलली जात आणि सेकंदाने परत टेकत. मरायला तेवढं पुरतं.

"दादा, घंटा वाजली की तुम्ही चौघं हात उचलता."

"मी नाही उचलत."

"तूच सगळ्यात वर नेतोस."

"मग तर ती घेऊच नकोस. विषय संपला."

विषयाचा उरलेला अर्धा भाग तिने पोटात ठेवला.

दुपारच्या पाळीची कप्तान होती वहिनी, झाकणं बसवणाऱ्या मशीनवरची. नवरा-बायकोची गाठ पाळी बदलतानाच पडे, आणि वहिनीच्या मते संसार त्यामुळेच टिकला होता. ती येऊन समोर बसली. "काय नणंदबाई, खुर्ची टोचते का?"

"खुर्ची नाही, तुमचा नवरा टोचतो."

"मी म्हणून तर दुपारची पाळी घेतली."

डाव सुरू झाला. टेलिफोनवालीचा पाय टेबलाखाली थांबेना. हजार नाणी जमली, बाराशे, चौदाशे.

"घेतलेस काटे?" दादाने मान न वळवता विचारलं.

"घेते."

"कधी, पुढच्या वर्षी?"

तिने नाणी तशीच ठेवली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नदीच्या पुलावर दहाही वीर एकत्र आले. दादा तिघांच्या मधे सापडला. त्याचा जीव बोटभर उरला होता आणि मोठा वार परतायला अजून तीन सेकंद होते.

"अगं ओढ, ओढ लवकर."

तिने घंटा विकत घेतली आणि दोर टाकला.

कँटीनच्या मोठ्या स्पीकरमधून घंटा घणघणली. खेळणाऱ्या नऊ जणांचे हात वर गेले. बघणाऱ्यांचेही गेले. पहिल्या रांगेत दोघांनी चहाचे कप सोडून दिले. वहिनीचे हात तर खांद्याच्या वर, तळवे पुढे, अगदी शिकवल्याप्रमाणे. सगळ्या कँटीनमध्ये टेलिफोनवालीची दहा बोटं तेवढी कामावर होती. वल्ह्याने तिने एकाला ढकललं, दुसऱ्याला ढकललं, आणि वहिनीच्या वीराला जरा आदराने ढकललं. हात खाली आले तेव्हा तिघं प्रवाहात गटांगळ्या खात होती आणि दादाचा मोठा वार तयार होता. उरलेल्या दोघांना त्याने एकदमच आटोपलं. त्यानंतर दुपारच्या पाळीच्या किल्ल्याचा दरवाजा फुटायला आणि डाव संपायला वेळ लागला नाही.

तक्ता आला. फोरमनपुढे चौदा बळी. बुडालेले तिघं गेमने नदीच्या नावे लावले होते. नावाड्यापुढे शून्य.

"काय होतं गं ते?" वहिनी अजून आपल्या तळहातांकडे बघत होती.

"घंटा. चौदाशेला मिळते. कुणी घेत नाही."

वहिनी नवऱ्याकडे वळली. "तूही हात वर केलेस."

"मी नाही केले," फोरमन म्हणाला.

टेलिफोनवालीने पाय कसाबसा थांबवला. "दादा, जागेचं काय?"

"आज जिंकलो, आज राहिली. पुढची फेरी काचेच्या कारखान्याशी आहे. त्यांना आपली घंटा ठाऊक नाही. तिथे वाजवलीस तर आपलेच चौघं हात वर करून बसणार. लेबलला तयार ठेवतो."

त्याचं चूक नव्हतं. तिने तोच हिशेब दरवाजा फुटायच्या आधीच करून ठेवला होता.

सोमवारी सकाळी तिने काचेच्या कारखान्याला फोन लावला. पलीकडेही टेलिफोनवालीच होती.

"कुणाला जोडू?"

"कुणाला नको. मला एवढंच सांगा, तुमच्याकडे भट्टीवर काही बिघडलं तर काय वाजतं?"

"भोंगा. का हो?"

"आणि भोंगा वाजला की माणसं काय करतात?"

"मागे सरकतात, दोन पावलं. परवा एकजण जेवताना सरकला, खुर्चीसकट."

तिने ते लिहून घेतलं. मग मोबाइलवर नावाड्याच्या वस्तूंची यादी उघडली आणि अंगठ्याने खाली खाली नेत गेली. अगदी तळाशी शिंग होतं, भोंग्यासारखं वाजणारं, अकराशे नाण्यांचं. शेरा एकाच खेळाडूचा: घेऊ नका. तिने यादी बंद केली, परत उघडली. समोर दोन लायनींचे दिवे लुकलुकत होते. काचेपलीकडून दादा फोन उचल म्हणून खूण करत होता, आणि तिचा पाय पुन्हा हलायला लागला होता.