अंगठ्यापुढे हरलेला साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. नाचाच्या बुटाचा सोल ज्यात ओततात, तो साचा. माप पाच नंबर, पाय उजवा. अंगाने ॲल्युमिनियमचा आणि वजनाला भरल्या कुकरएवढा. हल्ली मी खरवईतल्या एका फ्लॅटमध्ये, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असतो. हे काम माझ्या इभ्रतीला शोभत नाही. पण मी चिडलो आहे तो त्यामुळे नव्हे.

मला घडवलं सुनेत्राताईने. अंबरनाथला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात ती ड्रॉइंगचं काम करते. तिची भाची राजसी बदलापूरला कात्रपमध्ये राहते आणि नाचाच्या क्लासला जाते. दोन वर्षांपूर्वी गिरकी घेताना राजसीचा उजवा घोटा मुरगळला. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला निमित्तच शोधतो, जपायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेमके त्याच सुमारास उल्हासनगरचे हरेशशेठ नाचाचे बूट काढणार होते आणि सोलच्या साच्यांचं काम ताईकडे आलं. तिने मनाशी ठरवलं, की सोल असा करायचा की राजसीचा घोटा पुन्हा दगा देणार नाही. म्हणजे मी जन्मलो तोच एका घोट्यासाठी.

ताईने आधी क्लासमधल्या मुलींचे फाटके बूट मागून आणले. घरात वर्तमानपत्र पसरून त्यावर ते उलटे मांडले आणि कोणाचा सोल कुठे झिजलाय ते बघत बसली. राजसीच्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने पार तिरकी झाली होती. मग ताईने मला आकार दिला. टाच बुटकी आणि पसरट, म्हणजे पाय कलंडणार नाही. चवड्याखाली एक गुळगुळीत गोल, म्हणजे गिरकी घेताना जमीन पाय धरून ठेवणार नाही. आणि ओतायचा माल असा घट्ट, की उडी मारली तर धक्का सोसेल पण पाय आत बुडणार नाही. माझा धातू कापण्याआधी तिने रबराचे तुकडे स्वतःच्या पायाला बांधून स्वयंपाकघरात गिरक्या घेतल्या. दोनदा ओट्यावर आपटली.

माझ्यातून आणि माझ्या डाव्या जोडीदारातून निघालेला पहिला जोड राजसीला मिळाला. वर्षभर ती त्यावर नाचली आणि घोट्याने एकदाही तक्रार केली नाही. क्लासच्या बाईंनी बूट हातात घेऊन विचारलं, की हे केले कोणी? त्या दिवशी मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आणि मग आला अंगठा.

मित्रांनो, दुकानात बूट घेताना तुम्ही काय करता? खरं सांगा. बूट उलटा करता आणि सोलवर अंगठा दाबता. अंगठा आत गेला की बूट चांगला, नाही गेला की कडक. सगळे हेच करतात. माझे सोल अंगठ्याला कडक लागायचे, म्हणून लोक ते परत ठेवायचे. दुकानदार कुरकुरले आणि हरेशशेठनी ताईला उल्हासनगरला बोलावून घेतलं. माल नरम करू, टाच जाड करू, असं ते म्हणाले. ताईने परोपरीने समजावलं, की उंच आणि भुसभुशीत टाचेवर पाय डुलतो. शेवटी ती म्हणाली, "शेठ, माणूस अंगठ्यावर उभा राहत नाही."

"बरोबर आहे मॅडम," शेठ म्हणाले, "लेकिन विकत तर अंगठ्यानेच घेतो ना?"

ताई भांडखोर नाही. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. शेठनी मला यंत्राखाली घातलं, टाचेकडे खरवडून खोल केलं, आणि वर शोभेसाठी माझ्या त्या गुळगुळीत गोलावर चांदणी कोरली, म्हणजे सोलवर ती उंच उठून यायची. गिरकीच्या जागी चांदणी! दुखलं ते वेगळंच, पण मला लाज वाटली ती नंतर. कारण ते नवे सोल धडाधड खपू लागले. कामगार माझी पाठ थोपटायचे. इतकं कौतुक मला खऱ्या रूपात कधी मिळालं नव्हतं.

राजसीचे जुने बूट झिजले. ताईने माझ्या पहिल्या सोलचा आणखी एक जोड तिच्यासाठी जपून ठेवला होता, तो दिला. पण म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही. राजसी मैत्रिणींबरोबर दुकानात गेली, तिने अंगठा दाबला आणि माझेच नवे बूट घेऊन आली. "मावशी, तू दिलेले एकदम दगड आहेत गं," ती म्हणाली. "हे दाबून बघ ना, किती सॉफ्ट." ताईने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना गिरकीत चांदणी जमिनीला अडली, टाच कलली आणि तोच घोटा गेला. राजसी नाचात मधोमध उभी राहणार होती. तिथे दुसरी मुलगी उभी राहिली.

ताई तो बूट घेऊन शेठकडे गेली. शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला, मुलीची चौकशी केली आणि बूट टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरच्या पोरीनेपण अंगठाच लावला ना?"

त्या सुमारास आणखी नरम सोलचे नवे साचे आले होते आणि आम्ही भंगारात पडलो होतो. ताईने मला तेवढं मागून घेतलं. माझा डावा जोडीदार तिथेच राहिला.

परवाची गोष्ट. घोट्याला पट्टी बांधून राजसी मावशीकडे आली होती. ताईने स्वतःसाठी चालायचे बूट आणले होते. तिने खोका उघडला, बूट काढला, उलटा केला आणि तिचा अंगठा आपोआप सोलवर गेला. तिचासुद्धा! ज्या बाईने मला घडवलं तिचा! मला ओरडावंसं वाटलं.

"मावशी," राजसी म्हणाली, "अंगठा."

ताईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग दोन्ही बूट घातले, माझ्याशेजारी आली आणि काही न धरता एका पायावर उभी राहिली. राजसीने आकडे मोजले. पाचाला ताई डुलली. तिने बूट खोक्यात भरले आणि दुकानाची पावती शोधायला लागली.

मित्रांनो, माझ्यावरचा खरवडलेला धातू आता परत येणार नाही. पण तुमच्या पायाची काळजी तुमच्या हातात आहे. की अंगठ्यात म्हणू? बूट दाबू नका. घाला, एका पायावर उभे राहा आणि वीसपर्यंत मोजा. दुकानदार हसला तर हसू दे. घोटा त्याचा नाही.