तार नसलेला टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा, चांगला वजनदार टेलिफोन आहे. नाटकात आल्यापासून मला एकही फोन आलेला नाही, तरी माझ्यावरचे बोलणे ऐकून हजारो माणसांनी डोळे पुसले आहेत. ही बढाई नाही. मी नाटकातला टेलिफोन आहे.

एका कचेरीने मला मोडीत काढले, तेव्हा नाटक कंपनीच्या सुताराने मला उचलून आणले आणि माझ्या पोटातले सगळे यंत्र काढून टाकले. घंटासुद्धा माझी राहिली नाही. विंगेतून कोणीतरी बटण दाबायचे आणि लोकांना वाटायचे, मीच वाजलो.

त्या नाटकात एका म्हाताऱ्या आईला घर सोडून गेलेल्या मुलीचा फोन येतो. चार मिनिटे रंगमंचावर आई एकटी असते. हे काम करायला आली एकोणीस वर्षांची पोरगी! पण काय तिची मेहनत! शेजारच्या आजीबाई खुर्चीतून कशा उठतात, रिसीव्हर दोन्ही हातांनी कसा धरतात, हे ती तासन्‌तास पाहून यायची. केसांना पांढरी पावडर लावून ती पहिल्या प्रयोगात उभी राहिली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. तिची वाक्ये कशी धडाधड यायची! मला फार अभिमान वाटायचा.

मग सिनेमावाल्यांनी तिला नेले. तिथे म्हणे एकेक वाक्य बोलायचे, चुकले तर पुन्हा घ्यायचे. तिची चित्रे भिंतीभिंतीवर झळकली आणि मी सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्चीखाली धूळ खात पडलो. खोटे कशाला सांगू, मला तिचा राग आला होता.

तेहेतीस वर्षांनी ती त्याच भूमिकेसाठी परत आली. आता सगळे तिला ‘बाई’ म्हणत आणि केसांना पावडर लागत नव्हती. तिची लेक मात्र काळजीत होती.

“आई, परवा तुला शेजारणीचं नाव आठवलं नाही. एवढ्या लोकांसमोर अडलीस तर? आयुष्यभर कमावलेलं एका प्रयोगात जाईल.”

“काही जात नाही,” बाई म्हणाल्या. पण लेक गेल्यावर त्यांनी वाक्यांचे पहिले शब्द चिटोऱ्यांवर लिहिले आणि माझ्या तोंडावर चिकटवले. प्रेक्षकांना माझी पाठच दिसते, त्यामुळे कोणाला कळणार नव्हते.

आमचे सामानवाले काका पुसल्याशिवाय एकही वस्तू रंगमंचावर जाऊ देत नाहीत. त्यात बाई परत आलेल्या. त्यांनी ओल्या फडक्याने मला असे घासले की मी नवा दिसू लागलो. चिटोरे गेले. ओरडून सांगावेसे वाटले, पण मी पडलो मुका.

घंटा वाजली. बाईंनी रिसीव्हर उचलला, “हॅलो, कोण?” म्हणाल्या आणि खाली पाहिले. तिथे काहीच नव्हते. त्यांच्या तळव्याला फुटलेला घाम मला जाणवला. पहिल्या रांगेत लेक अर्धवट उठली होती.

बाईंनी डोळे मिटले. रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

“तू बोल गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी ऐकतेय.”

आणि त्या खरोखरच ऐकू लागल्या. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ओठ थरथरले. “हं,” त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने, “खरंय तुझं.” तिसऱ्या रांगेत खोकणारे गृहस्थ खोकायचे थांबले. मग नाटकातली वाक्ये एकेक करून परत आली, धडाधड नव्हे, पलीकडच्या कोणाला तरी उत्तर म्हणून. पडदा पडला तरी लोक टाळ्या वाजवायला विसरले होते. नंतर मात्र थांबेचनात.

काका फडके हातात घेऊन आत आले. बाई खाली पाहून अडल्या, ते त्यांनी विंगेतून पाहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, मला वाटलं कचरा चिकटलाय.”

“बरं केलंत, काका,” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं मी फोनवरच्या त्या पोरीला एक शब्द बोलू दिला नव्हता.”

पुढचे साठ प्रयोग बाईंनी चिटोऱ्यांशिवाय केले. माझा रागही कधीच गेला. तर मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर पुसा, आम्हाला ते आवडते. पण काही चिकटलेले दिसले, तर काढण्याआधी कोणाला तरी विचारा. दर वेळी समोर बाई असतीलच असे नाही.