बोटापुरती कमी

मी एक चादर बोलतेय. हिरवी, सुती, डबल बेडची. तुम्ही व्हिडिओत माझ्यासमोरची छत्री पाहिली असेल, आपोआप सरकणारी खुर्ची पाहिली असेल, गाणारी ती मोठ्या डोळ्यांची मुलगीही पाहिली असेल. मला मात्र पाहिलं नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी दिसू नये, एवढंच माझं काम आहे.

माझा जन्म कापडगिरणीत झाला. रंगवताना कुणाचा तरी हात जरा सैल सुटला आणि मी नको इतकी हिरवी निघाले. माझ्याबरोबरच्या आकाशी, गुलाबी, फुलाफुलांच्या चादरी भराभर खपल्या. मी दुकानात फळीवर पडून राहिले. लोक मला उलगडायचे, नाक मुरडायचे आणि घडी न घालताच पुढे जायचे. शेवटी सेलमध्ये वहिनीने मला उचललं.

वहिनी या घरची सून. औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे स्वस्त आणि टिकाऊ यांवर तिचा फार विश्वास. घरी आल्यावर तिने मला पलंगावर अंथरलं आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं.

"हिच्यावर झोपायचं म्हणजे शेतात झोपल्यासारखं आहे," ती म्हणाली.

"शेतात निदान झोप लागते," तिचा नवरा दारातून म्हणाला.

त्याच संध्याकाळी माझी घडी होऊन मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. तिथे बरेच दिवस होते. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन. घडीत पडून राहिलं की वाटणं हळूहळू बंद होतं.

हा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी त्याची मोठी बहीण त्याला अजून छोट्या म्हणते. मीही तेच म्हणणार. ही बहीण याच घरात राहते आणि तिला सगळे ताई म्हणतात.

ताई शाळेत गाणं शिकवायची. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. अगदी संपूर्ण गेला नाही. खरखरीत, फाटका असा थोडासा उरला. कित्येक महिने ती घरीच होती. परत शाळेत गेली तोवर तिचा शेवटचा वर्ग शाळा सोडून गेलेला. शाळेने तिला ग्रंथालयात बसवलं. "तिथे नाहीतरी कुणी बोलायचं नसतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लोकांना हसावं की नाही ते कळायचं नाही. ती स्वतः हसायची नाही आणि रडायचीही नाही. वेळेवर जायची, वेळेवर यायची, ताटात पडेल ते जेवायची.

"ताई एकदा रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं," वहिनी कपड्यांच्या घड्या घालताना छोट्याला म्हणाली. थोड्याच दिवसांत त्याने संगणकात एक गायिका आणली.

ही काही हाडामांसाची बाई नव्हे. आपण शब्द लिहायचे, सूर मांडायचे, की ती गाते. बरोबर सामान नाही, चहापाण्याची कटकट नाही, तरी घरातलीच होऊन बसली, म्हणून वहिनीने तिचं नाव पाहुणी ठेवलं. तबला, बासरी, व्हायोलिन अशी सगळी वाद्यंही संगणकातच होती. टेबलावर दिसायला काय, तर दोन विती लांबीचा एक कीबोर्ड. छोट्याने हे सगळं ताईसाठी आणलं होतं, पण तिला तसं सांगायची त्याची छाती नव्हती. "माझा नवा छंद आहे," असं म्हणून तो कामावरून आला की पाहुणीला काहीबाही गायला लावायचा. सुराशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी कपाटात होते आणि कपाट त्याच खोलीत, म्हणून सांगते, फार भयंकर होतं ते.

ताईने काही दिवस सहन केलं. मग एके दिवशी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आली आणि म्हणाली, "सरक."

तेव्हापासून पाहुणी तिच्या ताब्यात गेली. पाहुणी मूळची दुसऱ्याच कुठल्या भाषेत गाणारी, 'ळ' आला की तिची बोबडी वळायची. ताईने ते गोंजारून, ठाकूनठोकून बसवलं. पडद्यावर सुराची एक रेघ असते. ती ताई माऊसने थोडी वर, थोडी खाली ओढायची आणि पाहुणी शहाण्या मुलीसारखी तशीच गायची. तरीही काहीतरी खटकत होतं.

"ही श्वासच घेत नाही," ताई म्हणाली. "ऐकताना आपलाच जीव कोंडतो."

"तुझा टाकूया?" छोट्याने भीतभीत विचारलं.

ताईने जरा विचार केला. "श्वास चालेल."

तेवढ्यासाठी त्याने मायक्रोफोन आणला. ताई त्याच्यासमोर बसून गाण्याच्या ओळींच्या मधे मधे फक्त श्वास घेत राहिली, जिथे गाणाऱ्याने घ्यायला हवा तिथेच. ओळ नाही, नुसता श्वास. छोट्याने ते पाहुणीच्या गाण्यात जोडले. आजही त्यांच्या गाण्यात पाहुणी गाते आणि ताई श्वास घेते. हे ऐकणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही.

नुसतं गाणं आजकाल कोण ऐकतं, त्याला चित्र हवं, असं छोट्याचं म्हणणं पडलं. त्याने पाहुणीचं एक चित्र काढून तिचे ओठ हलते केले. मोठे डोळे, आखूड केस. काचा घासणाऱ्या माणसाचा हात. काम बारीक आणि स्वच्छ. तिच्या भोवती खऱ्या वस्तू हलायला हव्यात, असं त्याच्या मनात होतं.

"आपल्याकडे ती भयंकर चादर होती ना?" त्याने वहिनीला विचारलं.

अशी मी बाहेर आले. वहिनीने मला कडक इस्त्री केली. कपडे वाळत घालायच्या तारेला चिमटे लावून मला खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं. युक्ती अशी, की संगणकाला सांगायचं, हा रंग जिथे जिथे दिसेल तिथून तो काढून टाक आणि तिथे आपण दिलेलं चित्र बसव. माझ्यापुढे खुर्ची ठेवून तिचा व्हिडिओ घेतला. मग पडद्यावर ती खुर्ची एका मोकळ्या मैदानात उभी होती आणि मी कुठेच नव्हते. माझ्या रंगाला ज्यांनी ज्यांनी नाक मुरडलं असेल, त्या सगळ्यांचं एकदाचं समाधान झालं असेल. मला काही वाटलं नाही.

खरी पंचाईत वस्तू हलवण्यात होती. छोट्याने छत्रीला दोरा बांधून पाहिला. दोरा दिसला. पारदर्शक दोरा आणला तर छत्री स्वतःभोवती गिरक्या घेत बसली. वहिनी हसून हसून बेजार झाली. ताई दारात उभी होती.

"मी धरते," ती म्हणाली.

"तू दिसशील ना पण."

"हिच्यातलाच कपडा घातला तर नाही दिसणार." तिने माझ्या कडेला बोट लावलं. "आणि नाही दिसले तर कुणाचं काय अडणार आहे?"

वहिनीने मला वितीने मापलं. मग म्हणाली, "चांगली निम्मी चादर कापायची?"

"अख्खी तरी कुणाला हवी होती?" ताई म्हणाली.

वहिनीच्या शिलाई मशीनवर माझ्या अर्ध्या भागाचा झगा झाला, डोकं आणि चेहरा झाकणारी टोपी झाली, हातमोजे झाले. डोळ्यांपुढे हिरवी जाळी. उरलेली मी भिंतीवर. ताई आत शिरून माझ्यासमोर उभी राहिली की ती आणि मी मिळून नाहीशी होतो. गळ्यापाशी तिला एक व्रण आहे. त्याच्या आसपासची कातडी बधिर झाली आहे, तिथे हात लावलेला तिला कळत नाही. माझी गळपट्टी नेमकी तिथेच टेकते. मलाही फारसं काही कळत नाही. आमचं बरं जमलं.

रविवारी सकाळी ऊन चांगलं येतं, तेव्हा शूटिंग. पेला तरंगला, पुस्तकं उडाली, खुर्ची चालत गेली. छोट्याने ते व्हिडिओ इंटरनेटवर टाकले. लोक बघू लागले, कौतुक करू लागले. पाहुणीचा आवाज किती छान, असं लिहू लागले. ताई ते वाचून मान डोलवायची, जणू कुणी शेजारच्या मुलीचा निकाल सांगितला.

मग तिने छत्रीचं गाणं काढलं. वर्गात विसरलेल्या छत्रीचं गाणं. शब्दही तिचेच, चालही तिचीच. ऑपरेशनच्या आधी ते ती तिच्या शेवटच्या वर्गाला शिकवत होती आणि ते अर्धंच राहिलं होतं. त्यानंतर तिने ते कुणासमोर काढलं नव्हतं. पाहुणीकडून ते बसवून घेताना तिने जेवढा वेळ घेतला, तेवढा कशालाच घेतला नव्हता.

"ताई, या गाण्यात शेवटी तू दिस," शूटिंगच्या दिवशी छोट्या म्हणाला. "एकदाच. टोपी काढून नुसतं बघायचं."

"गाणं पाहुणी म्हणतेय."

"चाल तुझी आहे."

"मग चाल ऐकू येतेय की."

"निदान नाव तरी टाकू दे तुझं."

"छोट्या, ऊन जाईल," ताई म्हणाली आणि टोपी ओढून घेतली. तिचा चेहरा कसा झाला ते मला माहीत आहे, कारण मी त्याला चिकटून होते. काहीच झाला नाही. दगडासारखा होता.

गाणं सुरू झालं. ताईने उघडी छत्री धरली आणि गाण्याबरोबर एक बोट दांडीवर वाजू लागलं. ठेका धरायला लोक पहिलं बोट वापरतात, ताई करंगळीशेजारचं वापरते. सम यायच्या आधी ते बोट क्षणभर वर थांबतं आणि मग नेमकं खाली येतं. प्रत्येक शूटिंगला ती असा ठेका धरायची. न दिसणाऱ्या बोटाने धरलेल्या ठेक्याचं कुणाला काय? पण त्याने माझं कापड तिथे विरत गेलं होतं. त्या दिवशी गाण्याच्या मध्यावर ते फाटलं. थंड दांडी तिच्या उघड्या बोटाला लागली. तिने ते चालूच ठेवलं.

छोट्याला ते दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसलं. शाळेचा रिकामा वर्ग, मधे तरंगणारी छत्री, आणि तिच्या दांडीवर एका बोटाचं पेर. तेवढंच. बाकी माणूस नाही.

"अरे देवा," तो म्हणाला. "थांब, एकेक चित्र घेऊन पुसतो. आठवडा जाईल, पण होईल."

"परत लाव," ताई म्हणाली.

त्याने लावलं. पाहुणी गात होती, मोठे डोळे मिटत होती, उघडत होती. ताई तिच्याकडे पाहत नव्हती. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या पेराकडेच पाहत होती.

"लय बरोबर आहे," ती म्हणाली. "राहू दे."

राहिलं. लोकांनी आधी चेष्टा केली. भुताचं बोट म्हणाले, चूक झाली म्हणाले. मग एके दिवशी संध्याकाळी छोट्या फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. वहिनी भाजी चिरत होती, ताई झग्याला इस्त्री करत होती. त्याने व्हिडिओखाली एका मुलीने लिहिलेलं तिच्या नावासकट मोठ्याने वाचलं.

"बाई, तुम्हीच ना? गाणं ऐकून शंका आली होती, बोट बघून खात्री पटली. आम्हाला तुम्ही पहिलंच कडवं शिकवलं होतं. मग तुम्ही आलाच नाहीत. दुसरं कडवं आज ऐकलं."

ताईने इस्त्री उभी करून ठेवली, नाहीतर मी जळले असते. तिने गळ्यावरच्या व्रणाला हात लावला, जिथे काही कळत नाही तिथे. बराच वेळ हात तिथेच होता. वहिनीने चिरणं थांबवलं.

"या मुलीचा 'ळ' चांगला होता," ताई म्हणाली. आणि परत इस्त्री करू लागली.

रविवारी वहिनीने माझ्या काठाचा एक तुकडा फाटलेल्या मोज्याला ठिगळ लावायला काढून ठेवला होता. ताईने तो बाजूला सारला. कात्री घेतली आणि दोन्ही हातमोजे मनगटापासून कापून टाकले. मला कात्री लागली तेव्हा मला काहीतरी वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बरं वाटलं, असंच म्हणते.

छोट्या कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याने चष्मा काढून पुसला, पुसलेलाच परत पुसला.

आता व्हिडिओत दोन हात दिसतात. सुरकुतलेले, नखं आखूड कापलेली. ते ठेका धरतात आणि त्यांच्या वर कुणी नसतं. पाहुणी शेजारी गात असते. मी भिंतीवर अर्धी आहे, ताईच्या अंगावर अर्ध्याहून थोडी कमी. टोपी अजून शाबूत आहे. तिची शिवण वहिनीने फार पक्की घातली आहे, पण कापायला काही जड नाही.

ताई, तुला ऐकू येणार नाही, तरी सांगते. मला कापलेलं दुखत नाही. कात्री टेबलावरच आहे. चेहऱ्याएवढी मी कमी झाले, तर मला चालेल.