नस उघडणारे महाराज

वाटूर फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडपुढे घनसावंगीहून आलेल्या जीपा उभ्या होत्या. आत बेबीनंदा चटईवर निजली होती. फुगलेल्या पोटावर हळदीचा जाड लेप होता आणि वर उलटी टांगलेली सलाईनची बाटली. नळीतून स्वच्छ पाणी पोटावर ठिबकलं आणि लालभडक होऊन खालच्या परातीत ओघळलं.

"बघा! काळजातली बंद नस उघडली! डाक्टर बाटली आत घालतो, म्या घाण भाईर काढतो!" नसवाले महाराज ओरडले. लोकांनी हात जोडले. असे बुवा इतके पाहिलेत की मला आता रागसुद्धा उशिरा येतो.

बेबीनंदा माझी विद्यार्थिनी; तिला इथे आणल्याचं कळताच मी आलो होतो. रक्ताच्या कर्करोगावरच्या जालीम उपचारांनी तिच्या काळजातल्या, म्हणजे यकृतातल्या बारीक शिरा बंद झाल्या होत्या. त्या मोकळ्या करणारं परदेशी औषध शहरातल्या डॉक्टरांनी खटपट करून मिळवलं होतं. ते शिरेतूनच द्यायचं, दिवसेंदिवस, खंड न पाडता. तिचे वडील मच्छिंद्र यांनी मध्येच आपल्या जबाबदारीवर सही करून तिला दवाखान्यातून उठवून आणलं.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"सर, त्या औषधानं पोट काई उतरून न्हाई राह्यलं. महाराज म्हन्ले, दोन पानी एका अंगात चालत न्हाईत."

मी तिच्या आईला, द्वारकाबाईंना म्हणालो, "अर्ध्या पोटावरची हळद पुसा."

"खबरदार! कोप होईल!" महाराज गरजले.

पण द्वारकाबाईंनी पदराने हळद पुसली. मी नळी तिकडे सरकवली. पाणी पडलं, ओघळलं, पाणीच राहिलं. नळी हळदीवर आणली, लाल झालं. मग बाटली काढून गर्दीतल्या केशरबाईंच्या हातात दिली. त्या घरी कुंकू करत. त्यांनी बोटं बुडवून चोळली.

"आगं बया! ही तं चुन्याची निवळी हाये! हळदीला चुना लागला की लाल व्हतंच. आपन रोज करतो अन् हितं हात जोडून बसलो!"

महाराज श्रद्धेविषयी काहीतरी पुटपुटले. द्वारकाबाई मात्र लेकीला उचलायला लागल्या होत्या. "जीप काढा जल्दी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "न्हाईतर म्या पायी नेते."

डॉक्टर खूप रागावले, पण औषध पुन्हा सुरू केलं. पोट हळूहळू उतरलं. पोरगी वाचली. पडलेला खंड महागात पडला असता, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

परवा मच्छिंद्र भेटले. पेढे देत म्हणाले, "सर, आधी महाराजांनी नस मोकळी केली, मंग औषध चाललं, बराबर ना?"

मी पेढा हातात धरून उभा राहिलो. खरंच थकलो होतो. तरी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो: कुणाला मानायचं ते माना, पण चमत्कार दिसला की आधी तपासून बघा. आणि चालू औषधाची सुई कुणाच्याही सांगण्यावरून उपटू नका. नशिबानं साथ दिली म्हणून मला हा पेढा खाता आला.