शेवटच्या प्रतीची पट्टी

स्टेशनमागच्या गल्लीत एक दुकान होतं, आणि तिथे फक्त रेल्वेची पुस्तकं मिळायची. इंजिनांची, पुलांची, बोगद्यांची, बंद पडलेल्या मार्गांची. फार काय, जुनी वेळापत्रकंसुद्धा. गेलेल्या गाडीचं वेळापत्रक कोण विकत घेतं, असं लोक विचारायचे. घेणारे घ्यायचे. चार वेडे सगळीकडे असतात, आणि त्यांच्या जिवावर दुकान रडतखडत चालायचं. मालकांना गल्ली गार्डसाहेब म्हणायची, जरी त्यांनी रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नव्हती.

गार्डसाहेबांचा एक हट्ट होता. कुठल्याही पुस्तकाची शेवटची प्रत विकायची नाही. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे लाल दिवा असतो. तो दिसला की मागे काही सुटलं नाही हे कळतं. म्हणून शेवटच्या प्रतीच्या पाठीवर लाल पट्टी, बाकीच्यांना हिरवी. गिऱ्हाईकाने नाक घासलं तरी लाल पट्टीचं पुस्तक हलायचं नाही. धंदा असा करतात का? नाही करत. म्हणून तर तो बुडाला.

आता गंमत अशी, की गार्डसाहेबांना स्वतःला लाल आणि हिरवं वेगळं दिसायचंच नाही. दोन्ही एकाच मळकट रंगाचं. तरुणपणी रेल्वेच्या डोळे-तपासणीत ते याच पायी नापास झाले होते, आणि ती गोष्ट जगात फक्त बायकोला ठाऊक होती. मुलीला त्यांनी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "पुस्तकांच्या नादापायी नोकरीवर लाथ मारली मी." बायको तेव्हा पदर तोंडाला लावून हसायची. पट्ट्या तीच चिकटवायची. लाल पट्टीच्या कोपऱ्याला कात्रीने बारीकशी खाच पाडायची, म्हणजे नवऱ्याला बोटाने कळावं. पोचा पडलेल्या डब्यात लाल रीळ, धड डब्यात हिरवं. बाजारातून ते कच्चे टोमॅटो घेऊन आले की मुलगी डोक्याला हात लावायची, "बाबांचं लक्ष कुठे असतं!" आणि बायको म्हणायची, "इंजिनात असतं."

ती गेली आणि दुकानातला जीव गेला. मुलीने एका सुट्टीत येऊन सगळं धुऊनपुसून काढलं, अगदी पट्ट्यांचे डबेसुद्धा घासून ठेवले. नंतर गार्डसाहेबांच्या मनाने घेतलं की उन्हाने विटलेल्या जुन्या पट्ट्या बदलायच्या. बायकोचं काम तेवढंच उरलं होतं, ते आपल्या हाताने करायचं. रोज एक कपाट. जुनी पट्टी चाचपायची, खाच लागली की पोचा पडलेल्या डब्यातलं रीळ घ्यायचं, नवी पट्टी लावायची, तशीच खाच पाडायची. सगळं दुकान त्यांनी असं नवं केलं. बायको गेल्यापासून उडालेली झोप त्या काळात त्यांना कधी कधी लागायची.

मग जागेच्या मालकाने दुकान मागितलं. रेल्वेच्या संग्रहालयाचे ग्रंथपाल म्हणाले, "शेवटच्या प्रती द्या, एकत्र ठेवू. वेगळं दालन करू. बाकीची आमच्याकडे आधीच असतील, ती नकोत." गार्डसाहेबांना वाटलं, चला, आयुष्य अगदीच पाण्यात गेलं नाही. कपाटं रिकामी होताना त्यांच्याने बघवणार नव्हतं. ते घरीच बसले आणि मुलीला म्हणाले, "लाल पट्टीची संग्रहालयाला. हिरव्या पट्टीची रद्दीत."

"एवढंच ना? मग तुम्ही पडून राहा निवांत," ती म्हणाली. तिने रजा काढून एकटीने सगळं केलं. हातांना दोरीचे वळ उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल दुकानात आले, तेव्हा गार्डसाहेबही आले होते. रिकाम्या कपाटांमध्ये खोकी मांडली होती. त्यांनी एक उघडलं, दुसरं उघडलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, ही तर चालू पुस्तकं आहेत. कुठेही मिळतात. त्या जुन्या गार्डची हस्तलिखित आठवणवही, डोंगरातल्या बंद पडलेल्या मार्गाचे नकाशे, ते कुठंयत?"

"लाल पट्टीचीच आहेत," मुलगी घाईने म्हणाली. "मी एकेक तपासून भरलीत."

गार्डसाहेब पुढे झाले. खोक्यात हात घालून त्यांनी एका पाठीवरून बोट फिरवलं. कोपरा सपाट होता. दुसरा सपाट. तिसरं खोकं, चौथं खोकं. खाच कुठेच नव्हती. ते तिथेच खोक्यावर बसले.

"ही पट्टी कुठल्या रंगाची आहे?" त्यांनी विचारलं.

"लाल. बाबा, असं काय करताय?"

"मला दिसत नाही. कधीच दिसलं नाही."

 मुलीने लगेच रद्दीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माल कालच कारखान्यात उतरवला, रात्रीच लगदा झाला असेल. ग्रंथपालांनी टोपी हातात घेतली, काहीतरी समजुतीचं पुटपुटले आणि निघून गेले. उरलं ते कुणाला नको होतं.

"म्हणजे ते कच्चे टोमॅटो..." मुलगी म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. "मला का नाही सांगितलंत? एका शब्दाने सांगायचं ना!"

 पोरीसमोर त्यांना मोठं व्हायचं होतं, एवढंच. एखादं जुनं गिऱ्हाईक फिरकलं असतं तरी ओरडलं असतं, साहेब, पट्ट्या उलट्या लागल्यात. पण कुणी फिरकलंच नव्हतं. मग त्यांनी तिला खाचेचं आणि पोचा पडलेल्या डब्याचं सगळं सांगितलं.

"पण चुकलं कसं?" तिने डोळे पुसत विचारलं. "डबे तर आईने लावलेले होते ना?"

डबे गल्ल्याशेजारी होते, स्वच्छ, लख्ख. गार्डसाहेबांना ती सुट्टी आठवली. साबणाचा वास, खिडकीत पालथे घातलेले दोन डबे, गल्ल्यावर काढून ठेवलेली दोन रिळं, आणि आईच्या आठवणीने नाक ओढत ती परत भरणारी मुलगी. रिळांची अदलाबदल तिच्याच हातून झाली, हे तिला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं, आणि आता कळून चालणार नव्हतं.

"माझ्याच हातून," ते म्हणाले. "आई गेल्यावर लगेच डबे उपडे झाले माझ्याकडून. रिळं उचलली आणि टाकली कशीतरी."

"खरंच?"

"तुला काय वाटतं, मी खोटं बोलीन?"

ती त्यांच्याशेजारी दुसऱ्या खोक्यावर बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा रडू लागली. एका हाताने ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. दुसरा हात अजून खोक्यात होता, एकेका पुस्तकाचा कोपरा चाचपत.